तीन वाजून दहा

पाटोवर, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि मी कोण कुठं शिरलं ते वाचत बसते.
पगार त्याचाच.

यंत्रं इथं नाहीत. हेलसिंकीजवळ कुठंतरी आहेत,
मी कधी न पाहिलेल्या एका इमारतीत.
त्यांच्या पोटात वेर्ण्याच्या गोदामातल्या लशींचं तापमान,
दर मिनिटाला एक आकडा.

कोण आलं, किती वाजता, कुठल्या पत्त्यावरून,
काय टाइप केलं, काय चुकलं, मग काय खोडलं,
सगळं उमटतं.
शेफाली दर सोमवारी पासवर्ड दोनदा चुकते.
उगम गावडे दार सताड टाकून जेवायला जातो,
पंधरा मिनिटांनी मी त्याला बाहेर काढते,
तो परत येऊन शिवी घालतो, मला नव्हे, यंत्राला,
तीही टाइप करून.
ऑफिसात मला सासू म्हणतात.

ऑडिटच्या आधी चाव्यांची यादी काढली.
माणसं एकसष्ट, चाव्या चौसष्ट.
दोन चाचणीच्या होत्या. तिसरी
बेनितो रिबेलोची.

बेनितो सर गेल्या चवथीनंतर निवृत्त झाले.
केक कापला, घड्याळ दिलं,
आणि फॉर्मवर मीच खूण केली: प्रवेश बंद केला.
केला नव्हता.

त्या चावीनं रोज पहाटे
तीन वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी आत येत होतं. दहा महिने.

नोंदी उघडताना बोटं गार पडली.
चोरी म्हणाले मनात. मग, चावी विकली असेल.
मग वाचलं.

येतात. विचारतात, किती दिवस जागं आहेस?
यंत्र सांगतं, दोनशे बारा.
विचारतात, जागा उरलीय?
यंत्र सांगतं, आहे.
जातात.
एकोणीस सेकंद. कधी बावीस.

एकदाच, मेच्या शेवटी, सव्वादोन तास थांबले होते.
त्या रात्री वेर्ण्यात वीज गेली होती
आणि सकाळी आम्हाला सगळं जागच्या जागी दिसलं होतं.
कसं, ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या वाड्यावर राखणदाराला
वर्षाला नव्या वहाणा ठेवतात.
आई जुन्यांच्या झिजलेल्या टाचा दाखवायची,
मी म्हणायचे, कुत्र्यानं कुरतडल्या असतील.

फोन केला. लोटलीला, बलकांवात बसलेले असणार,
मागं पोदेराचा भोंगा वाजत गेला.
"सर, तुम्ही अजून आत जाता."
भोंगा पार कोपऱ्यापर्यंत पोचला, मग म्हणाले,
"झोप येत नाही गे बाय.
दार लागलंय का बघायला जातो,
आणि ते उघडतं."

मी माझ्या खुणेचं सांगितलं. फॉर्मचं.
"माहीत आहे," म्हणाले. "पहिल्याच रात्री कळलं.
लाव आता."

एक ओळ खोडायची, बस.
लांबलचक निरर्थक अक्षरं,
आणि शेवटी, ओळखायला म्हणून, माणसाचं नाव.

माझ्याही आज्ञा उमटतात,
दुसऱ्या एका यंत्रावर, जिथं माझी चावी चालत नाही.
ते सरांनीच बसवलं, मी रुजू झाले त्या आठवड्यात,
आणि मला तसं तोंडावर सांगितलंही होतं.
कुणी वाचलंच, तर त्यात दिसेल:
फाइल उघडली.
सात मिनिटं, काही नाही.
फाइल जतन केली.

दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत होतं:
पहाटे तीन दहा, बेनितो, प्रवेश नाकारला.
एक प्रयत्न. दुसरा नाही.

त्यानंतरच्या रात्री तेही नाही.
मी जागी होते, म्हणून सांगते.